नाही म्हणण्याची नोकरी

"मिळाली," एवढंच म्हणून लाव्हाँडाने फोन ठेवला आणि ती खुर्चीवर टेकली.

डॉक्टर अर्नेस्टीन टॉलिव्हर बसल्या होत्या त्या उठल्या. शिकागोच्या त्या भाड्याच्या खोलीत हिवाळाभर फोन वाजत होते, पण बहुतेक गोऱ्या मुलींसाठी. बाईंचं संशोधनच तसं होतं. एक काळी मुलगी, एक गोरी. दोघींना सारखंच शिक्षण कागदावर रचून द्यायचं, सारखे कपडे द्यायचे, एकाच जागेसाठी पाठोपाठ पाठवायचं आणि बोलावणं कुणाला येतं ते टिपायचं. नोकरी मिळालीच, तर लगेच नाकारायची. या नियमावर बाईंची सारी हयात उभी होती.

बाई स्वतः काळ्या, आणि लाव्हाँडा त्यांच्याच चर्चमधली. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून नवरा घरी, मुलाला दमा.

"डॉक्टरबाई, पोराच्या औषधपाण्याचंही ऑफिसवालेच बघणार आहेत. मला जाऊ द्या."

बाई खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. त्यांनी समजावून पाहिलं. कागदावरचं कॉलेज खोटं होतं. उद्या ते उघड झालं तर टपून बसलेले लोक सगळ्याच कामाला लबाडी म्हणतील.

"कॉलेज खोटं," लाव्हाँडा म्हणाली, "पण टायपिंग माझं होतं. ते काही तुम्ही रचून दिलं नव्हतं."

दुसरीकडे शब्द टाकते, चांगलं शिफारसपत्र देते, असं बाई म्हणाल्या.

"तुमची पत्रं चर्चमधल्या पुष्कळींच्या पेटीत नुसती पडून आहेत." मग तिने विचारलं, "आणि माझी नोंद कुठं करणार? इथं भेदभाव झाला नाही, अशी?"

"हो."

"म्हणजे मी त्यांच्याच बाजूची साक्षीदार झाले की."

तरी नियम मोडू, असं बाईंच्या तोंडून निघेना. शेवटी लाव्हाँडाने स्वतःच फोन ओढला, शिकवलेल्या मऊ आवाजात आभार मानले, घरची अडचण सांगितली. मग बाईंनी दिलेलं जाकीट उतरवून खुंटीला लावलं आणि आपला जुना कोट चढवला.

ती दारापर्यंत पोचते न पोचते तोच कॉलीनच्या नावाने ठेवलेला दुसरा फोन वाजला. कॉलीन म्हणजे तिच्या जोडीची गोरी मुलगी. ती जेवायला बाहेर गेली होती. अशा वेळी जवळ असेल त्याने घरचं माणूस म्हणून निरोप घ्यायचा, अशी रीत होती. बाईंनी फोन उचलला, कॉलीन घरी नाही म्हणाल्या.

बोलण्याच्या वळणावरून बाई काळ्या आहेत हे ओळखून पलीकडचा माणूस सैलावला. "तू कामाला असतेस वाटतं तिथं? बरं, तुझ्या मालकिणीला सांग, विम्याच्या ऑफिसातली जागा तिला दिली. विसरशील नाहीतर."

बाईंच्या आईने जन्मभर लोकांच्या घरी असेच फोन उचलले होते. खरं काय ते सांगावं, तर सोंग उघडं पडत होतं. दारात लाव्हाँडा बटणं लावायची थांबून त्यांच्याकडे बघत होती.

"नाही विसरणार, साहेब," डॉक्टर टॉलिव्हर म्हणाल्या. "सांगते त्यांना."