साठ बाय चाळीस

"साठ," कामशात पुटपुटली आणि तिने टेपचं टोक अंगठ्याने भिंतीला दाबून धरलं. "आता भिंतीपासून पुढे मोज. चाळीस बसतात का?"

नऊ वर्षांची तोगजान गुडघ्यांवर बसून आकडे वाचत होती. "बसतात. पण अतांची गादी उचलावी लागेल."

"हळू बोल," कामशात म्हणाली. खरं तर ऐकायला घरात कोणी नव्हतं. तिचे सासरे, म्हणजे पोरांचे अता, पाव आणायला खाली गेले होते आणि पाच मजले चढून यायला त्यांना चांगली वीस मिनिटं लागत. नवरा येरसाईन दूर पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला. तो पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस घरी असे. धाकटा अलिहान आतल्या खोलीत झोपला होता. तरी तिने टेप पटकन गुंडाळली, चोरी पकडली जाईल की काय अशा घाईने.

कारागांदा शहरातल्या त्या पाचव्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि माणसं पाच. आतली खोली नवरा-बायको आणि अलिहानची. बाहेरच्या खोलीत रात्री अता आणि तोगजान झोपत आणि दिवसा तिथेच सगळ्यांचं जेवणखाण होई. अशा घरात आणखी एक जीव आणायचा, आणि तोही पाल, असं शेजारणींना कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या.

पण त्याला कारण होतं. तोगजानची मांजर होती, राखाडी. मागच्या हिवाळ्यात पोरीच्या छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की केसवालं नको, पिसांचंही नको. मांजर तिसऱ्या मजल्यावर दिली. तेव्हापासून तोगजान शाळेतून येताना तिसऱ्या मजल्यावर थांबायची. दार ठोठावायची नाही, नुसती कान लावून उभी राहायची आणि मग वर यायची. कामशातने एकदा ते पाहिलं. दिवसभर इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करताना तिच्या डोळ्यांसमोर तो दाराला लावलेला कान येत राहिला. त्याच रात्री तिने पोरीला शब्द दिला, की केस नसलेलं काहीतरी आणू.

रविवारच्या जनावरांच्या बाजारात गालिना नावाची बाई पाली विकते, असं तिला कळलं. या गालिनाबाईंची रीत वेगळी होती. आधी जागा सांगा, मग पाल बघा. फोनवर त्यांनी कामशातला एकेक विचारलं होतं. साठ बाय चाळीसची काचपेटी ठेवायला जागा आहे का? खाली गरम पट्टी लागते, तर जवळ प्लग आहे का? खिडकीचा वारा नको, स्वयंपाकघराची वाफ नको, दारातली ये-जा नको. आणि मे महिना लागला की नगरपालिका सगळ्या घरांचे हीटर बंद करते, तेव्हा हीटरवर भिस्त ठेवू नका.

अतांची चाहूल लागली की टेप लपवत कामशातने घर इंच इंच मोजलं. खिडकीत वारा, कपाटावर प्लग नाही, आतल्या खोलीत अलिहानचे हात. उरली ती एकच जागा, दारासमोरच्या भिंतीशी. म्हणजे तोर.

तोर ही बैठकीतली मानाची जागा. तिथे सगळ्यांत वडीलधारा माणूस बसायचा किंवा पाहुणा, आणि तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यावर अता गाव सोडून आले तेव्हापासून तिथे अता बसत. चाळीस वर्षं माळावर मेंढरं राखलेला माणूस. त्यांना जागेवरून उठा म्हणायचं? बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तरी कामशातच माफी मागायची. सासऱ्याचं नावदेखील तिने बारा वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं, मग त्यांची जागा कुठून मागणार. तसं तिने गालिनाबाईंना फोनवर कळवूनही टाकलं.

म्हणून रविवारी बाजाराला निघताना तिने मनाशी ठरवलं होतं की पाल नको. तिथेच एक माणूस माळावरचे सरडे विकतो आणि ते म्हणे कुठेही राहतात. त्यातलाच एक घ्यायचा. अलिहानला शेजारणीकडे ठेवून ती आणि तोगजान निघाल्या, तर अताही टोपी घालून दारात उभे. "घरात बसून काय करू," म्हणाले. तिला नाही म्हणवेना.

सरडेवाला बोलबच्चन होता. बरणीतला एक सरडा काढून त्याने तो तोगजानच्या पुढ्यात नाचवला. खिडकीत ठेवा, कपाटावर ठेवा, दिवा नको, पेटी नको. कामशातचा हात पिशवीत गेलाही होता.

"आण इकडे," अता म्हणाले. त्यांनी सरडा तळहातावर घेतला आणि त्याच्या हनुवटीखाली बोट लावलं. बघता बघता सरड्याचा गळा निळाशार झाला. तोगजान हरखली.

"छान दिसतो ना?" अता तिला म्हणाले. "भ्यायलाय तो. हा धरून आणलाय, भाऊ?"

"त्यानं काय फरक पडतो, बाबा?"

"पडतो. हा सकाळी दगडावर चढून आधी सगळा माळ बघून घेतो, मग याचा दिवस सुरू होतो. याला खिडकीत ठेवलं तर काचेवर डोकं आपटत राहील." त्यांनी सरडा परत दिला. "चार महिन्यांत जाईल. मग पोर पुन्हा रडेल."

कामशातला अता शहरात आल्यानंतरचा पहिला हिवाळा आठवला. अता बाल्कनीच्या काचेला कपाळ टेकून तासन्‌तास उभे राहायचे. समोर दुसरी इमारत होती, बघण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा तिला वाटायचं की म्हाताऱ्या माणसाला करमत नसेल, होईल सवय. आज भर बाजारात तिला स्वतःची लाज वाटली.

पुढच्याच टेबलावर गालिनाबाई होत्या. जाड भिंगाचा चष्मा, अंगात दोन स्वेटर. त्यांच्यासमोरच्या डब्यात पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली वीतभर पाल पडून होती. तोगजान वाकली तशी पालीने सावकाश डोळे मिटले आणि उघडले.

"अता, बघा ना, ही डोळे मिटते."

अतांनीही वाकून पाहिलं. "ही कुठली?"

"माझ्या घरची," गालिनाबाई म्हणाल्या. "हिची आईसुद्धा पेटीतच जन्मली. हिला माळ माहीतच नाही, त्यामुळे आठवतही नाही. ऊब मिळाली, किडे मिळाले, लपायला कौलाचा तुकडा मिळाला की झालं. केस नाहीत, आवाज नाही." मग त्यांनी चष्मा वर करून कामशातकडे पाहिलं. "तुम्हीच का हो फोन केला होता? इस्त्रीवाल्या? एकच जागा आहे पण ती देता येत नाही म्हणालात, त्याच ना?"

कामशातचे कान तापले.

"कुठली जागा?" अतांनी विचारलं.

 तोगजानने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं आणि पायातल्या बुटांकडे बघत म्हणाली, "दारासमोरची."

 अतांनी कोटाची वरची दोन बटणं काढली. "द्या तो डबा. बसमध्ये वारा लागेल तिला."

सगळ्या वाटेत अता खिडकीबाहेर बघत होते. डबा कोटाच्या आत छातीशी धरून बसले होते, नुकतं जन्मलेलं कोकरू धरावं तसे. गालिनाबाईंकडून घेतलेली काचपेटी मांडीवर धरून कामशात मागच्या बाकावर बसली होती. म्हातारा माणूस दुखावला. येरसाईनला काय सांगायचं? पेटी परत करता येईल का? पण मग पोरीला दिलेल्या शब्दाचं काय?

घरी आल्यावर ती शेजारणीकडून अलिहानला घेऊन आली, तोवर अतांनी स्वतःची गादी उचलली होती. उशी, शेळीच्या केसांची शाल, चष्म्याचं घर, सगळं काखेत मारून ते खोली ओलांडून दाराजवळ आले. कामशात चहा ओतायला बसते तिथे, तिच्या शेजारी, त्यांनी गादी अंथरली.

"अता, असं नका करू," ती म्हणाली.  "लोक काय म्हणतील? सुनेनं सासऱ्याला दाराशी बसवलं म्हणतील."

"बस खाली, पोरी."

ती बसली.

"तोर पाहुण्याची जागा असते," अता म्हणाले. "तीन वर्षं मी या घरात पाहुणा म्हणून बसलो. तुम्ही सगळे हळू बोलता, मी आलो की टेपसुद्धा लपवता. आज ती ठिपकेवाली नवी आलीय, तिला बसू दे तिथे. मला आता घरचा होऊन बसू दे."

कामशातच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. पलीकडे तोगजान पेटीत वाळू पसरत होती, कौलाचा तुकडा ठेवत होती. प्लग लागला. थोड्या वेळाने पाल कौलाखालून अर्धी बाहेर आली, गरम बाजूला पोट टेकून पसरली आणि तिने डोळे मिटले. तोगजान नाक काचेला लावून बसली होती. तिच्या छातीतून शिट्टीचा आवाज येत नव्हता, हे कामशातने कान देऊन ऐकलं.

मग तिने चहा ओतला. प्याली नेहमीसारखी अर्धीच भरली. अर्धी भरली की माणूस पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ भरली तर आता उठा असा तिचा अर्थ होतो. एरवी ही प्याली येरसाईनच्या हातातून, मग तोगजानच्या हातातून फिरत तोरपर्यंत जायची. आज मध्ये कोणी नव्हतं. तिने हात पुढे केला आणि अतांनी प्याली घेतली.

एक घोट घेऊन ते दचकले. प्याली खाली ठेवून त्यांनी फुंकर घातली.

"तुझा चहा इतका गरम असतो होय?" ते म्हणाले.

त्यांनी फुंकून फुंकून प्याली संपवली आणि तिच्याकडे सरकवली. कामशातने ती पुन्हा अर्धी भरली.