तोंड कुणाचं होतं

बारकीची आई सोफ्यांची कव्हरं शिवायची. रस्त्याला लागून एकच खोली, दोन मशिनं, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि कोपऱ्यात उरल्यासुरल्या तुकड्यांचा ढीग. त्या ढिगातून बारकी खांद्याच्या पिशव्या शिवायला लागली तेव्हा चौदा वर्षांची होती. पट्टा निघू नये म्हणून टाका उलटा फिरवून कसा भरायचा, हे आईनेच तिला बोटं धरून शिकवलं. तीनदा उसवायला लावलं, तेव्हा कुठे मान डोलावली.

सोळाव्या वर्षी तिच्या पिशव्या चांगल्या खपायला लागल्या, आणि मावसभावाला तिचा पुळका आला. घरात त्याला शेठ म्हणायचे, कारण त्याने चार धंदे काढले होते आणि चारही बुडवले होते.

"पिशवी कोण घेतं गं? लोक गोष्ट विकत घेतात," शेठ म्हणाला. "आता तूच ब्रँड." त्याने बारकीच्या नावाने खातं उघडलं, तिच्या चेहऱ्याची लेबलं छापली आणि कॅमेऱ्यासमोर बोलायला एक कागद दिला. 'आईने माझी पहिली पिशवी कात्रीने कापली. मला मशिनला हात लावू दिला नाही. मी चोरून शिकले.'

"दादा, असं काही झालंच नाही."

"थोडं तिखटमीठ लागतंच. तुझी आई कुठे बघतेय? तिचा फोन बटणांचा!"

बारकी बोलली. शेवटी तर तिने डोळ्यांत पाणीही आणलं, आणि आपल्याला हे जमलं याचं तिला मनातून बरंही वाटलं.

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. आठवड्याभरात आईची एक जुनी गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई, दुकानात आल्या आणि शिवायला दिलेलं कापड परत मागू लागल्या. "पोटच्या पोरीच्या कामावर जी कात्री चालवते, तिच्याकडून मला काही नको."

आईला काहीच कळेना. तिने कापडाची घडी घालून दिली. मग बारकीचा फोन मागून घेतला आणि व्हिडिओ दोनदा पाहिला. त्यानंतर दोन दिवस ती बारकीचं ताट वाढून ठेवायची आणि पाठ फिरवून मशिनवर बसायची.

बारकीने शेठला फोन केला. "तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढ. नाहीतर मी एकही पिशवी शिवणार नाही."

"खातं माझ्या नंबरवर आहे," तो हसला. "आणि पिशव्या काय, कुठेही मिळतात."

त्याचा अर्थ तिला पुढच्या आठवड्यात कळला. एक नर्स तुटलेल्या पट्ट्याची पिशवी घेऊन दुकानात आली. पट्टा नुसता गोंदाने चिकटवला होता, वर नावापुरती एक शिलाई. आत बारकीच्या हसऱ्या चेहऱ्याचं लेबल, खाली दुकानाचा पत्ता. "लाज नाही वाटत?" नर्सने विचारलं.

बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नर्सला स्वतःच्या हातची पिशवी दिली आणि ती तुटकी घेऊन तडक मावशीचं घर गाठलं.

शेठ सोफ्यावर लोळत होता. तिने पिशवी त्याच्या अंगावर फेकली. "हा चेहरा माझा आहे. तुझ्या बापाचा माल नाही!"

"मोठ्या भावाशी असं बोलतात?" मावशी कडाडली. "त्याने तुझं नाव केलं, त्याचे हे पांग फेडतेस? माझ्या बहिणीला पोर वाढवता आली नाही, हेच खरं."

"तेच तर माझ्या तोंडून वदवून घेतलंत!"

मावशीने तिला घराबाहेर काढून दार लावलं.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आई आता जवळ घेईल असं तिला वाटलं होतं. आईने मशीन थांबवलं.

"शेठच्या नावाने खडे कशाला फोडतेस? कागद त्याचा होता. तोंड कुणाचं होतं?"

"त्याने सांगितलं म्हणून..."

"उद्या तो विहिरीत उडी मार म्हणेल! त्या बाई वीस वर्षं माझ्याकडून शिवून घेत होत्या. मला त्यांच्याशी भांडतासुद्धा आलं नाही. कसं भांडू? साक्ष माझ्याच पोरीची होती."

दुसऱ्या दिवशी बारकी बाईंच्या घरी गेली आणि दारात उभं राहून सगळं खरं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "तेव्हा रडून सांगितलंस, आताही रडतेस. यातलं खरं कुठलं?" म्हणाल्या आणि आत गेल्या. बारकी रस्त्याने दातओठ खात परतली. शेठचा राग येत होता, बाईंचा येत होता, आणि सगळ्यात जास्त ज्या पोरीचा येत होता तिला टाळून जायला जागाच नव्हती.

तिने स्वतःच्या नंबरवरून नवा व्हिडिओ टाकला. तो मोजक्यांनी पाहिला, त्यातल्या निम्म्यांनी तिलाच खोटारडी म्हटलं. शेठचा माल आणखी दोन महिने खपला. मग एकामागून एक पट्टे तुटायला लागले. शेठने खातं बंद केलं आणि तो नव्या धंद्याला लागला. तुटक्या पिशव्या मात्र दुकानात येत राहिल्या. बारकी मान खाली घालून प्रत्येक पट्टा शिवून द्यायची आणि आपल्या चेहऱ्याचं लेबल उसवून काढायची. आई बोलत होती, पण कामापुरतंच.

एका दुपारी एक माणूस पिशवी नाचवत दारातूनच ओरडायला लागला. "कुठे आहे ती व्हिडिओतली भामटी?"

आई उठून दारात आली. "ती माझी मुलगी आहे. आत बसलीये. आधी पट्टा शिवून घ्या, मग काय त्या शिव्या द्या."

आईने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि बारकीच्या पुढ्यात आपटली.

"नीट शीव," ती म्हणाली. आवाजातला राग अजून तसाच होता.