डोळे आले तर थंड पाणी

पावसाळा लागला की दोन गोष्टी हटकून येत, रस्त्याला खड्डे आणि लोकांना डोळे. खड्ड्यांवर टायरवाल्याचं पोट भरे आणि डोळ्यांवर चष्मेवाल्याचं. लाल डोळ्यांची माणसं दुकानात येऊन काळे चष्मे मागत आणि काउंटरमागून ताई प्रत्येकाला तोच उपदेश करी, "थंड पाणी मारा, चोळू नका, आणि कृपा करून माझ्या आरशाला हात लावू नका." लोक होहो म्हणत आणि सगळ्यात आधी आरसाच हातात घेत.

दुकान बहीण-भावाचं होतं. पुढचा काउंटर, गल्ला आणि गिऱ्हाइकांची कटकट ताईची. मागची भिंगं घासायची खोली धाकट्या भावाची. भाऊ आता पन्नाशीला आला होता, डोक्यावर चंद्र उगवला होता, पण घरात त्याचं नाव अजून धाकटाच. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. कशी राहिली ते आता दोघांनाही नीट आठवत नसे. जेवण तीच वाढायची, तो मान खाली घालून जेवायचा, आणि बोलला तर माशांबद्दल बोलायचा.

मासे म्हणजे बस डेपोमागच्या खोलगट जागेतले. तिथे पावसाचं पाणी साचून तळं व्हायचं आणि त्यात बोटाच्या पेराएवढे, निळ्या अंगाचे, लाल शेपटीचे मासे दिसायचे. पाणी असेतो त्यांचा संसार. चार-पाच महिन्यांत जन्मायचं, वाढायचं, भांडायचं, चिखलात अंडी घालायची, आणि पाणी आटलं की मरायचं. अंडी मात्र कोरड्या मातीत पुढच्या पावसापर्यंत तग धरायची. आईबापांनी पोरांचं तोंड पाहिलेलं नाही, पोरांनी आईबापांचं नाही, तरी खानदान चालू. धाकट्याला या गोष्टीचं इतकं कौतुक होतं की चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसालाही तो ती ऐकवी. माणसाच्या हनुवटीखाली यंत्र असे, त्यामुळे त्याला पळताही येत नसे.

डेपोवाल्यांनी ती जागा भरून काँक्रीट केली. तेव्हापासून ते मासे फक्त दुकानाच्या मागच्या खोलीत, काचेच्या बरण्यांत उरले होते. शेवटची जोडी हिवाळ्यात मेली. मागे राहिली ती गॉगलच्या एका मोठ्या डबीतली ओलसर माती आणि तिच्यात मोहरीएवढी अंडी. दुसरीकडे कुठे हे मासे असतील तर धाकट्याला ठाऊक नव्हतं, आणि तो शोधायचा थांबलेलाही नव्हता.

या मातीवर पाणी कधी घालायचं, हीच खरी मेख. अंड्यात पिल्लू पुरं झालं की बाहेरून त्याचे दोन डोळे दिसायला लागतात. त्याआधी पाणी घातलं तर उपयोग नाही. फार उशीर केला तर अंड्यातली शिदोरी संपते. पिल्लू बाहेर येतं, पण त्याला वर तरंगता येत नाही. तळाशी सरपटतं आणि सरपटतच मरतं. म्हणून धाकटा रोज सकाळी भिंग लावून माती बघे आणि स्वतःशीच पुटपुटे, "अजून डोळे नाही आले." ताईने हे हजारदा ऐकलं असेल. पण नळाचा आवाज जसा ऐकतात, तसं ऐकलं होतं.

आणि नेमकं याच आठवड्यात धाकट्याच्या पोटात असं दुखायला लागलं की तो भिंगं घासायच्या टेबलावर आडवा झाला. ताईने टॅक्सी बोलावली, त्याला हॉस्पिटलपर्यंत नेलं. पित्ताशयात खडे निघाले, लगेच ऑपरेशन ठरलं. पण वॉर्डच्या दारावरच्या वॉचमनने ताईला अडवलं. सकाळपासून तिचेही डोळे लाल झाले होते. "बाई, साथ आत नेऊ नका," तो म्हणाला. ज्या बाईने अख्ख्या गावाला आरशाला हात लावू नका म्हणून सांगितलं, तिच्यावर ही पाळी यावी! ताई काळा चष्मा लावून परत दुकानात येऊन बसली.

दुपारी फोन वाजला.

"मी सिस्टर बोलतेय."

"कुणाची?" ताईने विचारलं, कारण दुकानात गर्दी होती.

"हॉस्पिटलमधून. तुमच्या भावाला आत घेतायत. त्यांनी निरोप दिलाय. म्हणाले, ताईला सांगा, डोळे आले असतील तर आजच्या आज थंड पाणी घाल, उशीर करू नकोस."

इथे कुणी ध चा मा केला नव्हता. निरोप अक्षर न् अक्षर बरोबर पोचला होता.

ताई फोन हातात धरून उभी राहिली. पोटात एवढ्या कळा येत असताना याने आपले डोळे पाहिले तर! पाहिले, आणि ऑपरेशनच्या दारातून निरोप धाडला. तिला बरं वाटलं. नुसतं बरं नव्हे, कुणी चारचौघांत कौतुक केल्यासारखं लाजल्यागत झालं. तिने दिवसातून चारदा डोळ्यांवर थंड पाणी मारलं, आणि दर वेळी तिला भाऊ आठवला. मागच्या खोलीकडे ती फिरकलीही नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. दोन दिवसांनी धाकट्याच्या हातात फोन आला आणि पहिला फोन त्याने दुकानात लावला.

"ताई, आले होते का डोळे?"

"आले होते की. त्याच दिवशी."

"मग? पाणी घातलंस?"

"घातलं तर. दिवसातून चारदा."

"चारदा कशाला? एकदाच घालायचं आणि हात लावायचा नाही! उघडली का?"

"कसली उघडतायत? सकाळी पार चिकटलेले असतात. डावा उघडतो, उजव्याला वेळ लागतो."



"ताई, तू कशाबद्दल बोलतेयस?"

"माझ्या डोळ्यांबद्दल. तू?"

"अगं अंडी! डबीतली अंडी! अंड्यांचे डोळे म्हणत होतो मी! तुझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

ताईने फोन ठेवला. समोर एक गिऱ्हाईक फ्रेम घालून "कशी दिसते?" विचारत होतं. ती म्हणाली, "मला काही दिसत नाहीये, उद्या या." शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसून रडली. आलेल्या डोळ्यांत एक सोय असते, रडून लाल झालेत की साथीने, ते कुणाला कळत नाही.

मग ती मागच्या खोलीत गेली. डबी उचलून गटारात टाकावी, असं तिच्या मनात आलं, आणि ती डबी घेऊन मागच्या दारापर्यंत गेलीही. बाहेर पाऊस धो-धो कोसळत होता. टाकायच्या आधी, नक्की कुणापायी आपला अपमान झाला ते तरी बघू, म्हणून ती परत आत आली. हात साबणाने धुतले, भावाचं भिंग उजव्यापेक्षा बऱ्या असलेल्या डाव्या डोळ्याला लावलं आणि डबी उघडली.

अंड्या-अंड्यात दोन काळे ठिपके होते, भोवती सोनेरी कडं. त्यातली एक जोडी वळली. जन्मभर माणसांच्या डोळ्यांवर पोट भरलेल्या बाईला डोळे ओळखायला वेळ लागत नाही. "मेल्यांनो, किती ताटकळलात," ती म्हणाली. गच्चीवरच्या बादलीतलं पावसाचं थंड पाणी तिने पसरट बरणीत ओतलं, माती त्यात सोडली आणि हात लावला नाही.

तासाभरात पिल्लं सुटायला लागली. केसाच्या तुकड्यांसारखी, आणि सगळी तळाशी. एक पुढे सरपटलं, थांबलं, परत सरपटलं. उशीर झाला की अशी सरपटतात, हे जेवताना धाकट्याने सांगितलेलं ताईला आठवलं. आता तिला धाकट्याचा राग येत नव्हता, स्वतःचा येत होता. चार शब्दांचा निरोप, आणि आपण त्यात स्वतःलाच शोधत बसलो. ती बरणीला डोळे लावून बसली. मग एक पिल्लू उसळलं, खाली पडलं, पुन्हा उसळलं आणि मध्यावर टिकलं. त्याच्यामागे दुसरं. काही तळाशीच राहिली, ती राहिलीच. पण संध्याकाळपर्यंत बरणीत वर-खाली चांगलीच वर्दळ झाली.

काही अंडी अजून बिनडोळ्यांची होती. एकाच पावसावर भरवसा ठेवायचा नाही, अशी त्यांची रीत असावी. ताईने ती माती गाळून फडक्यावर निथळत ठेवली. खिडकीतल्या हिरव्या पाण्याच्या बाटलीत डोळ्यांना दिसतील न दिसतील असे जीव वळवळत होते. धाकटा पिल्लांना हेच भरवायचा, ते तिने पाहिलं होतं. तिने ड्रॉपरने थेंब थेंब घातलं. पिल्लं खाताना पोटं फुगतात, ते तिला पहिल्यांदाच दिसलं आणि ती हसली.

फोन दुपारपासून वाजत होता. तिने मुद्दामच उचलला नव्हता. आता उचलला.

"ताई, ठेवू नकोस. एवढंच सांग, काही उरलं का?"

"आधी माझं विचार."

"तुझं?" तो गोंधळला. "तुझं काय विचारू?"

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, नर्सने कुणाला तरी झोपायला सांगितलं. तो खरोखरच विचार करत होता. शाळेत उत्तर न येणारं पोर फळ्याकडे बघतं, तसा. तिला त्याचा चेहरा इथून दिसत होता.

"जेवलीस का?" शेवटी त्याने विचारलं.

उत्तर चुकलं होतं. पण हेही त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं. ताईने पदराने डोळे टिपले.

"नाही अजून," ती म्हणाली. "आधी तुझी पोरं जेवली."