आतल्या बाजूची कडी

मी एक जुनी पितळेची कडी आहे. दाराच्या आतल्या अंगाला आडवी सरकून चौकटीवरच्या कोयंड्यात जी जाऊन बसते, ती. मित्रांनो, तुम्ही मला दिवसातून दहा वेळा हात लावता, पण माझ्याकडे पाहता क्वचितच. त्यात तुमचा दोष नाही. मी नीट काम करीत असता माझे स्मरणही होऊ नये, हाच माझा धर्म.

एका ओताऱ्याने मला साच्यातून काढले, कानशीने माझ्या कडा गुळगुळीत केल्या आणि दोन पिढ्या ही हलणार नाही असे सांगून माझी पाठवणी केली. मी ज्या घरी आले, तेथे मागच्या खोलीच्या दारावर मला बसवण्यात आले. ती खोली पुढे दोघी बहिणींची झाली. मी आले तेव्हा थोरलीचा हात माझ्यापर्यंत पोहोचतही नव्हता. पाहता पाहता ती पंधरा वर्षांची झाली. धाकटी आठ वर्षांची. तिचा पाय जमिनीवर ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

मुलींचे वडील औषधांचे दुकान चालवीत. वृद्धांना गोळ्या कशा घ्यायच्या हे ते तीन-तीनदा समजावीत, आणि तरीही त्यांचा स्वर चढत नसे. लोक त्यांना देवमाणूस म्हणत. पण दुकान दुपारी एक ते चार बंद असे, आणि सकाळपासून गिळलेला सगळा राग ते जेवणाच्या वेळी घरी घेऊन येत. आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात जाई, ती पाचला परते. तिला सारे ठाऊक होते. स्वभावाला औषध नसते, तू उलट बोलू नकोस, एवढेच ती थोरलीला सांगे.

सव्वा एकच्या सुमारास थोरली दाराशी कान लावून उभी राही. वडिलांनी दोन्ही बूट जोडीने ठेवले, तर ती पाने वाढायला जाई. बूट भिंतीवर आदळला, तर भिंगरीला आत ओढून ती मला लावी. मग दाराला पाठ टेकून ती बहिणीकडून एकोणतीसचा पाढा म्हणवून घेई. तो सर्वांत अवघड. त्यात चित्त गुंतले की बाहेरचे शब्द कानांवर येत नाहीत, असा तिचा समज होता. भिंगरीचा हा पाढा इतका पक्का झाला की शाळेत बाईंनी तिचे कौतुक केले. तो इतका पक्का कशाने झाला, हे मात्र कोणी विचारले नाही.

एके दिवशी वडील तीननंतर जेवायला आले; ताटाशेजारी पाणी सांडले, एवढेच निमित्त झाले. दोघी धावत आत आल्या, मी लागले. "एकोणतीस चोक..." एवढे भिंगरी म्हणते तोच दारावर पहिली धडक बसली. ती खांद्याची होती. दुसरीला माझा दांडा वाकला. तिसरीला चौकटीला चीर गेली आणि कोयंड्याचे स्क्रू अर्धे बाहेर आले. चौथी मला पेलली नसती. चार वाजत आले होते, दुकान उघडायची वेळ झाली होती, केवळ म्हणून ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी दुकानातूनच सुताराला धाडले. मुली फार दारे आपटतात, कडी तेवढी ठीक करा, असा निरोप होता. मुली शाळेतून नुकत्याच आल्या होत्या.

"आमच्याकडे दारं आपटायचं काम तुमच्या काकूंकडे," सुतारकाका गुडघ्यावर बसत म्हणाले, "आणि ते त्या हात न लावता, नुसत्या आवाजानं करतात." मग त्यांनी माझ्या दांड्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचे हसू थांबले.

"काय झालं होतं, पोरी?"

"आपटलं, काका. माझ्याकडूनच."

"हा दांडा कोयंड्यात असल्याशिवाय असा वाकत नाही. म्हणजे कडी लावलेली होती." त्यांनी कोयंड्याकडे बोट दाखवले. "कडी लावलेलं दार आपटलं कसं?"

थोरली आता पुन्हा खोटे बोलली, तर एक वाजेपर्यंत मी सरळ होऊन पुन्हा जागेवर बसणार होते आणि ती चौथी धडक माझी वाट पाहत होती. तिने एवढेच विचारले, "याहून मजबूत मिळेल का?"

"मिळेल. पण मग चौकट फुटेल. चौकट लोखंडी केली तर भिंत हलेल. जोर बाहेरून येतोय, तोवर मी आत काय काय लावू?"

तेव्हा तिने सांगितले. खाली पाहत, तुटक तुटक, पण सगळे. त्या वेळी काकांच्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट होते, आणि त्यावर वेळा वडिलांच्याच सुंदर अक्षरात लिहिलेल्या होत्या. त्यांनी ते चाचपले. एक वाजून गेला होता. काका उठले नाहीत. हत्यारे उंबऱ्यावर पसरून ते मधोमध बसून राहिले.

परक्या चपला दिसल्यामुळे असेल, बूट जोडीने ठेवले गेले. वडील दुकानातल्याच आवाजात म्हणाले, "झालं का काका? हात फार जड हो या पोरींचा."

काकांनी थोरलीकडे पाहिले.

"बाबा, आम्ही दार आपटलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही खांद्यानं ढकललंत. काल. आणि त्याच्या आधीही."

"या वयात मुली काहीबाही बोलतात, काका."

"मुली बोलत असतील. लाकूड काहीबाही नाही बोलत. वीस वर्षं तुमचं ऐकून गोळ्या घेतोय, आज तुम्ही माझं ऐका. पोरी आज आमच्याकडे जेवतील."

वडील एक पाऊल पुढे आले. माझ्या आयुष्यात मी इतकी भ्यायले नव्हते, कारण त्या क्षणी मी मोडलेली होते आणि दार सताड उघडे होते. पण काका तसूभर सरकले नाहीत, आणि थोरलीही मागे सरली नाही. अखेर वडीलच बाजूला झाले.

मित्रांनो, पुढचे सारे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. घरची लाज चव्हाट्यावर मांडलीस म्हणून आई दोन दिवस थोरलीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती शाळेतल्या समुपदेशक बाईंसमोर बसली आणि तिने स्वतःच्या दोन्ही बाह्या वर सारल्या. भिंगरीने हे मैत्रिणीला सांगितले, तेव्हा मी ऐकले. आता वडील त्यांच्या भावाकडे राहतात, दर आठवड्याला डॉक्टरांकडे जातात. रविवारी सकाळी मामा घरात असताना येतात. भेटायचे की नाही, हे मुली त्या त्या दिवशी ठरवतात. कधी भेटतात, कधी नाही.

काकांनी चीर बुजवली. कडी सरळ करू का, असे त्यांनी विचारले, तर थोरली नको म्हणाली. तेव्हापासून मी सरकत नाही. इतर जुन्या वस्तू उपेक्षेचे दुःख सांगतात, मला उपेक्षेतच विसावा लाभला आहे.

तुमच्यापैकी कोणी भर दुपारी भीतीने कडी लावून बसत असेल, तर तिच्यावर फार काळ विसंबू नका. आम्हाला धरून ठेवता येते, तेही काही वेळापुरते. सांगणे तुम्हालाच करावे लागते. पहिल्याने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा. आणि जी मोठी माणसे हे वाचत असतील, त्यांना एवढीच प्रार्थना: कोणाच्या घरी वाकलेली कडी दिसली, तर ती सरळ करण्याआधी एकदा विचारा, ती कशाने वाकली.