गिरिजाकाकूंचा क्लोजअप

बेव्हर्ली पार्कातल्या एका सोसायटीत खोटा डॉक्टर पकडला गेला. वर्षभराने त्याच्यावर डॉक्युमेंटरी काढायला माणसं आली आणि समोरच्या फ्लॅटमधल्या गिरिजाकाकू इस्त्रीची साडी नेसून मुलाखतीला बसल्या.

"काकू, कधी संशय आला होता?" कॅमेरावाल्या नीरजने विचारलं.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. डाळ लागते की काय, म्हणून काकूंची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. मग त्या म्हणाल्या, "छे हो! चांगला माणूस होता."

डॉक्युमेंटरी लागली तेव्हा काकू मुलाला, स्वप्नीलला, घेऊन टीव्हीसमोर बसल्या. पडद्यावर त्यांचा अर्धा चेहरा काळोखात होता. कॅमेरा इंचाइंचाने जवळ सरकला. शिट्टीच्या जागी व्हायोलिन रडू लागलं. काकूंची नजर सावकाश वळली आणि पुढच्या शॉटमध्ये डॉक्टरचं सील ठोकलेलं दार.

"आई, तू तर त्याची पार्टनर वाटतेयस!"

"अरे मेल्या, मी डाळीच्या काळजीत होते!"

दुसऱ्या दिवशी काकू लिफ्टमध्ये शिरल्या आणि आतली दोघं बाहेर पडली. काकूंनी नीरजला फोन करून फैलावर घेतलं.

"काकू, लाइट एका बाजूने मारला आणि झूम हळू केला, की साधूसुद्धा चोर दिसतो," तो म्हणाला. "पण तुम्ही काय भारी दिसलात!"

काकूंनी फोन ठेवला आणि त्या आरशासमोर मान वळवून पाहू लागल्या.

संध्याकाळी सेक्रेटरी जितेंद्रभाई दारात उभे. "काकी, वो डॉक्टर मेरे बारे में कुछ बोला था क्या?"

काकूंना काडीचंही ठाऊक नव्हतं. त्यांनी दार अर्धवट लोटलं, अर्धा चेहरा आडोशाला घेतला आणि त्या नुसत्या पाहत राहिल्या.

जितेंद्रभाईंना घाम फुटला. "बस एक बार सर्टिफिकेट लिया था. ऑफिस में टायफॉइड बोलके गोवा गया. बीवी को मत बताना, उसको ट्रेनिंग बोला था!"

हसू आवरताना काकूंच्या पोटात कळ आली. "टेरेस की चाबी," त्या हळूच म्हणाल्या. "पापड सुखाने हैं." दोन उन्हाळे त्यांना नकार मिळत होता.

सकाळी गच्चीवर उडदाचे पापड पसरले. खालच्या मजल्यावरची शेवंती मदतीला आली, पण हातभर लांब बसली. काकूंनी तिला खायला लाटी दिली आणि शिट्टीपासूनचा सगळा प्रकार सांगितला.

शेवंतीने लाटी तोंडात टाकली. "डाळ होय?" ती आणखी थोडी मागे सरकली. "बरं. मी न्हाय कुणाला सांगणार."

काकूंनी खुशाल पुढचा पापड लाटायला घेतला.