दोन पायांवर आलेलं पाणी

मित्रांनो, खांबांवर उभ्या या भाताच्या कोठाराखाली खुंटीला अडकवलेला जुना बांबूचा त्रिकोण दिसतो ना, तो मी! इफुगाओच्या डोंगरात ज्या पाटातून आज पाणी खळखळतं आहे, तो पाट मी आखला आहे. हो, मीच. उगाच नम्रपणा कशाला?

या कोठाराची मालकीण फेलिसा; तिच्या सासऱ्यांनी मला घडवलं. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधले, मध्ये एक आडवी काठी बसवली आणि माथ्यावरून दोऱ्याला दगड टांगला. दोन बाजू सारख्या, म्हणून मी समद्विभुज. आमच्या जातीचं भाग्यच मोठं. माथ्यातून निघणारी मध्यगा, शिरोलंब आणि कोनदुभाजक, शिवाय पायाचा लंबदुभाजक, या चौघी माझ्या अंगात एकाच रेषेत नांदतात. सपाट जमिनीवर माझा दोरा बरोबर त्याच रेषेवर, आडव्या काठीच्या मध्यखुणेवर येतो. पाटाला हवा तेवढा उतार मिळाला, की तो खालच्या अंगाला बोटभर सरकतो.

सासरे, म्हणजे आमचे म्हातारबा, गेले आणि माझे हाल सुरू झाले. फेलिसाचा दीर गुयगुयोन मला चिखलातच उभा ठेवी. माझा एक पाय कुजला. त्याने कुजका तुकडा छाटला आणि हात झटकले. झालं! मी विषमभुज झालो. चौघी रेषा चार दिशांना पांगल्या.

त्या वर्षी दरड कोसळून जुना पाट गाडला गेला. फेलिसाची खाचरं सगळ्यांत खालच्या टोकाला. भातरोपांचा तरवा तयार, पण खाचरात पाणी नाही; चार दिवसांत लावणी झाली नाही, तर घरचं वर्षाचं भात गेलं. सारं गाव मदतीला आलं. आमच्याकडे रीतच तशी, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. पुढे मला घेऊन गुयगुयोन होता. पाय आलटूनपालटून मला फिरवत न्यायचं सोडून तो दर वेळी उचलून तस्साच पुढे ठेवी, छाटलेला पाय कायम पुढे. आखूड पायाखालची जमीन उंच असली, तरच दोरा हव्या जागी दिसे आणि पाट मात्र चढत जाई. मला कळत होतं, पण बांबूला वाचा कुठली?

बांध फोडला. पाणी अर्ध्या वाटेवर थबकलं आणि चक्क मागे फिरलं.

"वहिनी, हे बांबूचं भूत चुलीत घाला!" गुयगुयोन ओरडला. "म्हातारं झालंय!"

"म्हातारी तर मीही झालेय भावोजी, मला पण घालता का चुलीत?" फेलिसा म्हणाली. लोक खो खो हसले. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

तिने मला दोन दगडांवर उभं केलं. दोरा छाटलेल्या पायाकडे गेला. मग तिने माझे पाय अदलाबदल करून मला पुन्हा तिथेच ठेवलं. दोरा परत त्याच पायाकडे!

"बघा भावोजी! दगड वरखाली असते, तर दोरा आता दुसऱ्या पायाकडे गेला असता. खोट पायातच आहे. कोणी छाटला हा?"

गुयगुयोन पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"कोयता आणा, भावोजी!"

तिने माझा दुसरा पायही तेवढाच छाटला. दुखलं का? छे! दोरा मध्यखुणेवर आला आणि पांगलेल्या चौघी पुन्हा एका रेषेत आल्या. मी उंचीने कमी झालो, पण किती ताठ उभा होतो म्हणून सांगू!

सगळ्यांनी पाट नव्याने खणला. या वेळी एक पाय रोवून दुसरा पुढे, अशी मला फिरवत नेणारी फेलिसा होती. लावणीला एक दिवस हाती असतानाच, तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. पालापाचोळा पुढे ढकलत, वळणं घेत ते सरळ तिच्या खाचरात शिरलं. काय आरोळी उठली! तांदळाच्या दारूचा पहिला घोट गुयगुयोनने माझ्या माथ्यावर शिंपडला आणि म्हणाला, "म्हातारबा, चुकलं बरं का."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं अवजार असेल. त्याला चिखलात ठेवू नका. धुवा, पुसा, कोरड्या जागी टांगा. आणि ते चुकतंय असं वाटलं, तर चुलीकडे नेण्याआधी एकदा उलटं फिरवून बघा. फेलिसाने तेवढंच केलं, म्हणून त्या साली तिचं कोठार भरलं आणि त्याच कोठाराखाली मी आज लटकलो आहे.