सूपभर कोंडा

“केवळाबाई, अहो केवळाबाई! पेढे काढा आधी!”

हणमंतराव गुरुजी दालमिलच्या दारातूनच ओरडत आत आले, तेव्हा केवळाबाईच्या हातातलं सूप वर होतं. ते तसंच वर राहिलं. मिल चालू असती तर गुरुजींचं निम्मं बोलणं पट्ट्याच्या आवाजात विरून गेलं असतं. पण यंदा दुष्काळानं तूरच पिकली नव्हती. मिल आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस चालायची, बाकीचे दिवस बायका जुनी डाळ पाखडत बसायच्या. नेमका हा शांत दिवस निघाला. गुरुजींचा शब्द न् शब्द सगळ्या शेडमध्ये ऐकू गेला.

“तुमची कोंडाबाई पास झाली! लातूरच्या शाळेत नंबर लागला. अहो, अख्ख्या मुरुडातून एकटीचा! खेड्यापाड्यातली हुशार पोरं निवडून काढायची म्हणून नव्या जिल्ह्यात ही शाळा निघाली. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं फुकट. अशा बुद्धीची पोरगी मी माझ्या नोकरीत पाहिली नाही.”

“गुरुजी, हळू बोला,” केवळाबाई म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“हळू कशाला? गावभर सांगायला पाहिजे. तुमची लेक म्हणजे...”

“माझी कुठली? गौरम्माची हाय ती.”

गुरुजी बावचळले. ते नगरकडचे, मुरुडात येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालेलं. बायका मात्र हसल्या नाहीत. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि सुपं हलवायला सुरुवात केली.

“आन हुशार कसली हो,” केवळाबाई घाईघाईनं म्हणाली, “चुलीवर दूध ठिवलं तर उतू घालवती. लई येडी हाय.”

घरात दिवाळीपासून दूध आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

गुरुजी मान हलवत निघून गेले. केवळाबाई उठली, दारात जिथं त्यांची चप्पल टेकली होती तिथली चिमूटभर माती उचलून तिनं पदरात बांधली. संध्याकाळी मीठ-मिरचीबरोबर ती चुलीत टाकली. बिचारे गुरुजी! आपल्या पायाखालची माती कुणी जाळली हे त्यांना जन्मात कळलं नसेल. माणूस चांगलाच होता, पण चांगल्या माणसाचीच नजर लवकर लागते असं केवळाबाईचं मत होतं.

आणि हे मत तिनं काही हौसेनं बनवलं नव्हतं. कोंडाबाईच्या आधी तिला दोन मुलं झाली. पहिली मुलगी बाळसेदार, बारशाला आलेल्या बायकांनी हातोहात फिरवली, आणि आठव्या महिन्यात गेली. दुसरा मुलगा तीन वर्षांचा असताना मुरुड ते लातूर सगळे थांबे कंडक्टरसारखे म्हणून दाखवायचा. स्टँडवरची माणसं त्याला उभं करून म्हणायला लावत, शेंगदाणे देत, ‘काय डोकं आहे’ म्हणत. एकदा ताप आला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. बाप, म्हणजे ग्यानोबा, हैदराबादला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. जाताना कोंडाबाई पोटात होती.

ती जन्मली त्याच दिवशी सुइणीनं तिला सुपात घालून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात नेलं. दुकानदार वीरण्णाची बायको गौरम्मा, लिंगायताची, माहेर उदगीरकडचं. तिनं सूपभर कोंडा मोजून दिला आणि पोर विकत घेतली. कोंड्यावर घेतली म्हणून नाव कोंडाबाई. विकत घेतलेली पोर परत सांभाळायला केवळाबाईकडे दिली, एवढंच. आता जी पोर केवळाबाईची नाहीच, तिला केवळाबाईपासून कोण हिरावून नेणार? हिशोब साधा होता, आणि अकरा वर्षं तो बरोबर आला होता.

पण तो पाळावा लागायचा. कोंडाबाई गौरम्माला अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणायची आणि आईला केवळामावशी. अंगावर कायम गौरम्माच्या घरातले उतरलेले कपडे, नवी चिंधी कधी नाही. कौतुकाचा शब्द नाही. पोरीनं दुकानातल्या याद्या तोंडी जोडून दाखवल्या, की केवळाबाई तिला ‘बावळट’ म्हणायची आणि आत जाऊन भिंतीला कपाळ टेकवून उभी राहायची. दुसऱ्यांदा तेच डोकं आपल्या घरात का आलं, हे तिला कळत नव्हतं.

त्यामुळे लातूरला पाठवायचं नाही, हे तिनं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. दुकानाच्या पायरीवर बसून तिनं गौरम्मालाही तसंच सांगितलं.

“अक्का, तितं समदी हुशार म्हनून निवडल्याली पोरं. रोज कुनी ना कुनी बगाय येनार. एवढ्या डोळ्यांत माझी... तुमची पोर कशी टिकंल?”

गौरम्मा गूळ फोडत होती. “शिवशिव,” ती म्हणाली. “आन हितं काय टिकवायलीस तू? मिल बंद पडायली. पोरीच्या बरगड्या दिसायल्या.”

“दिसू द्या. जित्ती तर हाय.”

गौरम्मानं गुळाचा खडा तेवढा तिच्या पदरात टाकला.

मृग कोरडा गेला. आर्द्राही तशीच चालली. टँकर यायचा तो वेशीपाशीच संपायचा. एक दिवस दुपारी केवळाबाई मिलवरून येताना पाहते तर गल्लीच्या आडाभोवती बायका जमलेल्या, आणि चौघीजणी दोर धरून उभ्या. आडाच्या तळाशी खडकातून पाणी झिरपत होतं, घागर बुडण्याइतकंही नव्हतं. वाटीनं भरावं लागायचं. त्याला आत कुणीतरी हलकं, किरकोळ अंगाचं उतरायला पाहिजे होतं.

“कोन उतरलंय?” तिनं विचारलं.

खालून आवाज आला, “मावशे, दोर वडा! घागर भरली!”

केवळाबाईनं वाकून पाहिलं. खूप खाली, अंधारात, वाटीएवढा चेहरा वर बघून हसत होता. झरा कुठल्या फटीतून जास्त येतो हे पोरीनंच वरून बघून ओळखलं होतं म्हणे. म्हणून तिलाच उतरवलं. बायका सांगत होत्या, “लई चलाख हाय बया तुझी.” दगडावर दोर घासला जात होता. त्याचा एक पीळ सुटून मोकळा लोंबत होता. तेवढाच केवळाबाईला दिसत होता.

पोर वर आली. केवळाबाईनं तिच्या थोबाडीत मारली. मग स्वतःच आडाच्या कडेला मातीत बसली.

गौरम्मा दुकान सोडून धावत आली होती. तिनं केवळाबाईला दंडाला धरून उठवलं.

“तितं डोळे हायत, हितं आड हाय,” ती म्हणाली. “कशाला भ्यायचं ते तू ठरीव. दोन्हीला भिऊन कसं जमंल?”

असा कोंडाबाईचा लातूरचा रस्ता ठरला. आनंदानं नाही, भीतीनंच ठरला. मोठी भीती लहान भीतीला खाऊन बसली, एवढंच.

शाळेनं दोन नवे गणवेश सांगितले होते. वीरण्णानं कापड दिलं, शिंप्यानं शिवलं. पोरीच्या आयुष्यातले पहिले नवे कपडे! ते घरात आले तशी केवळाबाईला झोप लागेना. शेवटी तिनं गौरम्माच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागून आणला आणि दोन्ही झग्यांना आतल्या बाजूनं ठिगळ लावलं.

“नव्याला ठिगळ काहून?” कोंडाबाईनं विचारलं.

“टोचंल म्हनून. गप बस.”

कोंडाबाई सुईत दोरा ओवून द्यायला लागली. तिला कळलं होतं. तिला सगळंच कळायचं, आणि केवळाबाई नेमकी त्यालाच भीत आली होती.

एसटीत तिघी एका बाकावर बसल्या. मधे पोर, पोरीच्या मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीवर नवी बादली. शाळेत ज्यानं त्यानं आपली बादली आणायची होती. पोरीच्या डोक्यावरून केवळाबाई हळूच म्हणाली, “अक्का, तितं तुमीच बोला. आई कोन म्हनले की तुमी पुढं व्हा. म्या मागं हुबी राहते.”

“हाव,” गौरम्मा म्हणाली. “कोंडा दिलाय म्या. खोटं थोडंच हाय?” पण तिचा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर, चौक्यावर गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

शाळा लातूरच्या बाहेर माळावर होती. इमारत अजून पुरी व्हायची होती, वर्ग पत्र्याखाली भरायचे. ऑफिसात गर्दी. जाड चष्म्याचे मुख्याध्यापक टेबलामागं बसलेले, शेजारी शिपाई उभा. कोंडाबाईचं नाव घेतलं तशा तिघी पुढं झाल्या.

“वा, मुरुडची! ही का ती?” मुख्याध्यापक म्हणाले. “आई कोण यातली?”

गौरम्मानं पदर सावरला आणि तोंड उघडलं.

“थांबा, नीट ऐका आधी,” मुख्याध्यापक म्हणाले. “इथं पाण्याची किती टंचाई आहे ते बघताच आहात. पोरांना पुरेना, पाहुण्यांना कुठून देऊ? महिन्यातला एक रविवार भेटायचा. फक्त आईनं नाहीतर बापानं यायचं. मावशी, आत्या, शेजारीण, कुणालाही फाटकाच्या आत सोडणार नाही. हे शिपाई आत्ताच तोंड बघून ठेवतील. सांगा, आई कोण?”

गौरम्मानं वळून केवळाबाईकडे पाहिलं. मग लिंगाचा चौका मुठीत धरून ती एक पाऊल मागं सरली.

आता पुढं कुणीच नव्हतं. केवळाबाई आणि तो प्रश्न.

तिनं पोरीकडे पाहिलं. पोर जमिनीकडे बघत होती. केवळाबाईला ते दोघे आठवले, बाळसेदार ती आणि थांबे म्हणणारा तो. दोघांनाही तिनं ऊर भरून माझं म्हटलं होतं. आता ‘गौरम्माची’ एवढा एक शब्द टाकला की ही जगेल. जगेल, शिकेल, मोठी होईल, आणि आपण फाटकाबाहेर. न बघता जिवंत आहे म्हणून मानायचं. आणि ‘माझी’ म्हटलं तर? एवढ्या लोकांत, उजेडात, मोठ्यानं? आधीची दोन्ही नेणारा ऐकतच असेल. अकरा वर्षं कान देऊन बसला असेल. 

“बाई, मागं रांग आहे,” मुख्याध्यापक म्हणाले.

“माझी,” ती म्हणाली.

“काय?”

“माझी हाय, सायेब.” हे मात्र सगळ्या खोलीला ऐकू गेलं. स्वतःचाच आवाज ऐकून ती इतकी घाबरली की पुढचं भराभर बोलत सुटली, “पर लई ढ हाय. काई येत न्हाई तिला. चुकून पास झाली. दिसायला बी काई न्हाई, खायाला तेवढी म्होरं. कुनी ध्यान देन्याजोगी न्हाईच ती, सायेब.”

खोली हसली. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. “अहो, ढ पोरं इथं येत नाहीत, बाई. काय गं, ढ आहेस का तू?”

कोंडाबाईनं मान वर केली. आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“हाव,” पोर ठासून म्हणाली. “लई ढ हाय मी.”

पुन्हा हशा झाला. शिपायानं केवळाबाईचं तोंड नीट बघून घेतलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. दोघी फाटकाबाहेर तारेला धरून उभ्या राहिल्या. आत टँकर आला होता आणि पोरं बादल्या घेऊन रांगेत उभी होती. कोंडाबाईची बादली नवी असल्यामुळे लांबून ओळखू येत होती. केवळाबाई मनातल्या मनात घाबरत होती आणि त्या घाबरण्याच्या तळाशी तिला दुसरंच काहीतरी हवंसं वाटत होतं. आपण बोलून तर बसलो. आता तीही ‘आई’ म्हणेल. एकदा तरी म्हणेल. हाक कशी लागते ते तरी कळेल.

कोंडाबाईचा नंबर आला. बादली भरली. दोन्ही हातांनी ती उचलून पोर वळली, तारेपलीकडे तिला दोघी दिसल्या. तिनं बादली खाली ठेवली आणि सगळ्या रांगेला, टँकरवाल्याला आणि वर कुणी ऐकत असेल तर त्यालाही ऐकू जाईल अशी खच्चून हाक मारली.

“केवळामावशेऽ! जावा आता! यष्टी चुकंल!”

फाटकावरचा शिपाई चपापून वळला. “मावशी? आत तर आई म्हनलाव की तुमी.”

“आईच हाय,” केवळाबाई त्याच्या जवळ जाऊन कुजबुजली. “तिला तसं बोलायची सवय हाय. तुमी मोठ्यानं बोलू नका.”

कोंडाबाई मागं न बघता बादली घेऊन निघाली. पाणी हिंदकळू नये म्हणून हळू, तिरकी चालत होती. केवळाबाईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ते तिनं पुसलं नाही.

“शानी हाय गं पोर,” गौरम्मा म्हणाली. “लई...”

केवळाबाईनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. गौरम्मानं तो काढला नाही. टँकर रिकामा होऊन जाईपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.